बालाघाट ओलांडणारी सायकल

बीडहून सोलापूरकडे निघालेली एसटी मांजरसुंब्याचा घाट दहा-पंधरा मिनिटांत मागे टाकते. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचा डोळा लागला असेल तर घाट आला कधी आणि सरला कधी, याचा त्याला पत्ताही लागत नाही. धुळे-सोलापूर महामार्गाचे चौपदरीकरण झाल्यापासून तर या घाटाचा पूर्वीचा धाकही उरलेला नाही. हाच घाट सायकलवरून चढायचे ठरवले, की मात्र हिशेब बदलतो. पाऊण-एक तास फक्त चढ, पाठीवर ऊन, मागून घरघरत येणारे ट्रक आणि हँडलखालच्या बाटलीत घटत जाणारे पाणी. बालाघाटाची खरी ओळख या एका तासात आणि त्यानंतरच्या दिवसभरात होते.

सह्याद्रीच्या मानाने बालाघाट ही किरकोळ डोंगररांग वाटते. तिला सुळके नाहीत, दाट रान नाही, ढगांत हरवणारे कडेही नाहीत. 'बाला' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ 'वरचा'. घाटावरचा मुलूख तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पायीनघाट, अशी ही जुनी विभागणी. म्हणजे बालाघाट हे मुळात डोंगराचे नाव नसून डोंगरावरच्या पठाराचे आहे. बीड जिल्ह्याचा उत्तर भाग गोदावरीच्या खोऱ्यात सखल पसरलेला, तर दक्षिणेकडचा पाटोदा, केज, अंबाजोगाईचा पट्टा या पठारावर चढून बसलेला. मांजरसुंब्याचा घाट ही त्या दोन मुलुखांमधली पायरी.

पायरी हा शब्द येथे अलंकारिक नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हा पुन्हा वाहत राहिला. थरावर थर चढून जो काळा पाषाण तयार झाला, त्यातले काही थर कठीण, काही ठिसूळ. पावसाने ठिसूळ थर लवकर झिजले, कठीण थर पुढे आलेल्या कडांसारखे शिल्लक राहिले. म्हणूनच महाराष्ट्रातले बहुतेक डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगावर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हिमालयातील खिंडीप्रमाणे एका बाजूने चढून लगेच दुसऱ्या बाजूने उतरायला मिळत नाही. एकदा चढले, की दिवसाचा मोठा भाग वरच घालवावा लागतो आणि उतरण्याची जागा फार दूर असते.

बीडहून निघून मांजरसुंब्याला घाटमाथा गाठायचा, तेथून पश्चिमेकडे वळून लिंबागणेश, पाटोदा या मार्गाने पठार ओलांडायचे आणि सौताड्याजवळ घाट उतरून जामखेडला मुक्काम करायचा, हा सायकलसहलीचा एका दिवसाचा नमुनेदार टप्पा म्हणता येईल. बीड ते मांजरसुंबा वीसेक किलोमीटर, तेथून पाटोदा तीस-पस्तीस आणि पुढे जामखेड पंचवीसेक. एकूण पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर. शर्यतीच्या किंवा दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगच्या मापाने हे अंतर काहीच नाही. देशभरातील हौशी सायकलपटू ज्या 'ब्रेव्हे' प्रकारच्या उपक्रमांत भाग घेतात, त्यांत सर्वांत लहान टप्पाच २०० किलोमीटरचा असतो आणि तो साडेतेरा तासांत पूर्ण करावा लागतो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत पूर्ण केली; म्हणजे दिवसाची सरासरी १८० किलोमीटरच्या पुढे. मात्र सामान लादून, वाटेतली गावे पाहत, दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसण्याइतके बळ राखून जाणाऱ्याला घाटासह ऐंशी किलोमीटर पुरेसे होतात.

सायकलसहल आणि सायकलशर्यत यांतला हा फरक आपल्याकडे नीट ओळखला जात नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत वेगाने चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळे आणि तो दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत झळके. त्यामुळे घाट आणि सायकल म्हटले, की आजही आधी वेगच डोळ्यांसमोर येतो. परंतु १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलवर निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे जगाची फेरी पुरी करून परतले ते १९२८ च्या मार्चमध्ये. साडेचार वर्षांच्या त्या प्रवासात कोणता चढ किती मिनिटांत चढला, याला काडीचे महत्त्व नव्हते. चढाच्या पलीकडे पाणी मिळेल का, हा प्रश्न मात्र रोजचाच असणार.

बालाघाटावरही तोच पहिला प्रश्न आहे.

बीड सोडल्यावर पाच-सहा किलोमीटरवर, रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे शेते असताना, खजाना विहीर येते. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास सलाबतखानाने ती बांधवून घेतली. जमिनीखालून बांधीव मार्गाने पाणी दूरच्या शेतांपर्यंत नेण्याची तिची योजना आजही अभ्यासकांना चकित करते. कोरड्या वर्षांतही या विहिरीतले पाणी तळ गाठत नाही अशी तिची ख्याती आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास येथून जाणारा सायकलस्वार थांबेलच असे नाही. परंतु चारशेहून अधिक वर्षांपूर्वी या मुलुखात खजिना हे नाव सोन्याला न देता पाण्याला द्यावेसे वाटले, एवढे लक्षात ठेवून पुढे जायला हरकत नाही. त्यापुढे पालीजवळ बिंदुसरेचा तलाव. बीड शहराच्या मधून वाहणारी ही नदी बालाघाटावरून उतरते, पुढे सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. म्हणजे सायकलस्वार आतापर्यंत या पाण्याच्या उलट दिशेने चढत आलेला असतो. चढ इतका मंद, की तो डोळ्यांना दिसत नाही. पायांना मात्र जाणवतो.

घाट सुरू होतो तेव्हा सायकलचे यंत्र समजून घेतलेले बरे. आपल्याकडच्या जुन्या, काळ्या, बिनगिअरच्या सायकलीला पुढच्या चक्राला साधारण ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. पायडलचा एक फेरा पूर्ण झाला, की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल पाच मीटरहून अधिक पुढे सरकते. सपाटीवर हे सोयीचे. चढावर मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक स्वतःसकट सगळे ओझे पाच मीटर चढवायचे, म्हणजे उभे राहून पायडल दाबणे आले. सहलीसाठी बांधलेल्या सायकलीत सर्वांत हलका गिअर पुढे २६ आणि मागे ३४ दातांचा असू शकतो. तेथे एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच्या थोडीशीच पुढे जाते. काम तेवढेच, पण ते लहान-लहान हप्त्यांत फेडले जाते. मिनिटाला सत्तर फेरे या लयीत पाय फिरवले, तरी वेग ताशी सहा-सात किलोमीटरच राहतो. भराभर चालणारा माणूस बरोबरीने येऊ शकेल असा हा वेग. नवख्याला त्याची लाज वाटते. ती लाज पहिल्या दोन वळणांतच सोडून द्यावी लागते, नाहीतर गुडघे त्याची किंमत वसूल करतात.

किती ऊर्जा लागते, याचे गणित तर आणखी उद्बोधक आहे. सायकलस्वार ७० किलोचा, सायकल १५ किलोची आणि सामान १० किलोचे धरले, तर हे ९५ किलो शंभर मीटर उंच उचलण्यासाठी यंत्राला बावीसेक किलोकॅलरी पुरतात. मानवी शरीर खाल्लेल्या अन्नाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाचेच काम करते, उरलेली उष्णता होते. तेव्हा दर शंभर मीटर चढाईला शंभरेक किलोकॅलरी, म्हणजे मध्यम आकाराची अर्धी ज्वारीची भाकरी. उलट सपाट रस्त्यावर सामानासह दर किलोमीटरला वीस-पंचवीस किलोकॅलरी लागतात. ऐंशी किलोमीटरला सोळाशे ते दोन हजार. ज्या घाटाच्या धास्तीने आदल्या रात्री झोप लागलेली नसते, तो प्रत्यक्षात दिवसाच्या एकूण खर्चातला लहानसा भाग असतो. तो जड वाटतो याचे कारण हे, की तो खर्च एकरकमी मागतो. वेग दुप्पट केला तर एकूण ऊर्जा तेवढीच लागते, पण ती निम्म्या वेळात, म्हणजे दुप्पट जोराने द्यावी लागते. तेवढी प्राणवायूची पुरवणी फुप्फुसांना झेपत नाही आणि धाप लागते. घाटात दम लागून सायकल हातात धरून चालणारे बहुतेक लोक अशक्त नसतात, घाईत असतात.

दुसरा शत्रू उष्णता. सपाटीवर ताशी वीस किलोमीटरने जाताना अंगावर आपोआप वारा येतो आणि घाम वाळतो. घाम वाळण्यानेच शरीर थंड होते. चढावर वेग सातवर आला, की हा वारा थांबतो. घाम वाळण्याऐवजी निथळत राहतो आणि वाया जातो. मागून वारा असेल तर स्थिती आणखी वाईट, कारण सायकलस्वार वाऱ्याच्याच वेगाने चालला असेल तर त्याच्याभोवतीची हवा जवळजवळ स्थिर असते. बीडच्या बाजूने चढण्याचा एक फायदा येथे कामी येतो. घाटाची ही बाजू उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सकाळच्या वेळी तिच्यावर तिरपे, कोवळे ऊन पडते आणि काळा दगड उशिरा तापतो. नऊच्या आत माथा गाठायचा, हा नियम म्हणूनच हौशी वाटत असला तरी शास्त्रीय आहे. मार्च ते मे या काळात मात्र या घाटाच्या वाटेला सायकलवर जाऊ नये हेच उत्तम. चाळिशीच्या पुढे गेलेल्या तापमानात सकाळ नावाची गोष्ट फार थोडा वेळ टिकते.

मांजरसुंब्याला चढ संपतो आणि चौक येतो. एक रस्ता सोलापूरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे, एक पाटोद्याकडे. ढाबे, टपऱ्या, उभे ट्रक, चहाचे ग्लास. जवळच, पठाराच्या कडेखाली कपिलधार आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांचे समाधिस्थळ आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी लातूर, नांदेडकडून दिंड्या पायी चालत येतात. सायकलीने आलेल्याला स्वतःच्या पराक्रमाचे कौतुक वाटू लागलेच, तर त्या दिवसांत अनवाणी चालणारी साठीची माणसे पाहावीत.

पुढचा पाटोदा रस्ता नकाशावर सरळ आणि निरुपद्रवी दिसतो. फसगत होते ती येथेच. घाट चढून आल्यावर आता सपाटी, अशी मनाची समजूत झालेली असते. पण पठार सपाट नाही, लाटांसारखे आहे. ओढ्यापर्यंत उतार, ओढ्यापासून चढ, पुन्हा उतार, पुन्हा चढ. प्रत्येक चढ लहान, कोणाच्याही लक्षात न राहणारा. दिवसअखेर त्यांची बेरीज घाटाच्या तोडीची भरू शकते. ज्याने मांजरसुंब्याच्या चढावरच सगळा जोर संपवला, तो पाटोद्याच्या अलीकडे कुठेतरी बाभळीच्या विरळ सावलीत बसलेला आढळतो.

हे ओढे कुठे जातात, हे विचारले पाहिजे. लिंबागणेशच्या वाटेवर साधारणपणे उजव्या हाताला पडलेला पाऊस उत्तरेकडे बिंदुसरेत जातो, डावीकडचा दक्षिणेला मांजरेत. मांजरा याच पाटोदा तालुक्यात, गवळवाडीच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटर उंचीवर उगम पावते. तिचाही शेवट गोदावरीतच, पण त्याआधी ती बीड, धाराशिव, लातूर, कर्नाटकातील बीदर, तेलंगणातील मेदक असा सातशे किलोमीटरहून मोठा वळसा घालते. एकाच पठारावर शेजारी पडलेले दोन थेंब, एक माजलगावच्या बाजूने थोडक्यात गोदावरीला पोहोचतो आणि दुसरा अर्धे दख्खन फिरून. पाटोदा ओलांडून सौताड्याकडे गेले, की तिसरीच दिशा सुरू होते. तेथली विंचरणा जामखेडवरून सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे या एका दिवसाच्या वाटेत गोदावरीचे खोरे सुटते आणि कृष्णेचे लागते. मोटारीतून जाणाऱ्याला हे समजण्याचे कारण नाही. सायकलस्वाराला ते समजते, कारण प्रत्येक उतार कोणत्या तरी पाण्याने कोरलेला आहे आणि प्रत्येक चढ दोन पाण्यांमधला बांध आहे. पाणलोट ही भूगोलाच्या पुस्तकातली संज्ञा त्याला मांड्यांतून कळते.

इतक्या नद्यांना जन्म देणारा हा मुलूख स्वतः मात्र तहानलेला आहे. बीड जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीने ढगांचे बरेचसे पाणी आधीच उतरवून घेतलेले असते. जे पडते ते उतारावरून खाली जाते, कारण काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी साठवायला फारशी जागा नाही. मांजरेवरचे मोठे धरण केज तालुक्यात धनेगावला आहे आणि त्यावर लातूर शहर अवलंबून असते. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटले तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. दुसरे टोक २०२५ च्या सप्टेंबरात दिसले. त्या महिन्यातील अतिवृष्टीत बीड, धाराशिव, सोलापूरच्या नदीकाठची पिके आणि माती दोन्ही वाहून गेली, सीनेच्या पुराने गावेच्या गावे वेढली. ज्या ओढ्यावरून एरवी सायकल उचलून न्यावी लागत नाही, इतका तो कोरडा असतो, तोच ओढा एका रात्रीत पूल बुडवतो. परतीच्या पावसाच्या दिवसांत सहल आखणाऱ्याने हवामान खात्याचा इशारा न पाहता या वाटेला निघणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

स्वतःबरोबर किती पाणी घ्यावे? श्रमाच्या प्रत्येक तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो, हे सर्वसाधारण माप. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या दोन तासांच्या वर पुरत नाहीत. त्यामुळे मांजरसुंबा, लिंबागणेश, पाटोदा या प्रत्येक ठिकाणी त्या भरून घेणे आवश्यक. नुसतेच पाणी पीत राहिल्यास घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही आणि पायांत गोळे येणे, मळमळणे, डोके जड होणे सुरू होते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे लहान मुलांच्या अतिसारासाठी सांगितले जाणारे मिश्रणच येथेही उत्तम. त्याला लिंबू पिळले तर कोणाची तक्रार राहत नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र बालाघाट उदार आहे. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दाणे यांना महागड्या पाकिटबंद खाऊने मागे टाकलेले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघणाऱ्याला डोंगरउतारांवरची सीताफळे मिळतात. बालाघाटाच्या मुरमाड जमिनीत ही झाडे कोणी न लावता येतात, त्यांना गुरे तोंड लावत नाहीत आणि फळाला गोडी विलक्षण. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एका मोठ्या फळात शंभर ते दोनशे किलोकॅलरी सहज मिळतात, तीही चटकन अंगी लागणाऱ्या साखरेच्या रूपात. बिया काढत बसावे लागते, तेवढीच सक्तीची विश्रांती.

याच रस्त्यालगतच्या परिसरात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, १९९४ मध्ये घोषित झालेले. मोर दिसतोच असे नाही. सायकलीचा आवाज नसल्यामुळे दिसण्याची शक्यता वाढते इतकेच. त्याहून ठळकपणे दिसतात त्या टेकड्यांच्या कडांवर उभ्या केलेल्या पवनचक्क्या. वारा हा दुर्लक्षून चालणारा विषय नाही, याची ती उंच, पांढरी सूचनाच होय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून तितकाच वारा आला, तर विरोध चौपट होतो. पावसाळ्यात वारे पश्चिमेचे, म्हणजे जामखेडकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. हिवाळ्यात ते बहुतांशी पूर्व-ईशान्येचे, पाठ राखणारे. हिवाळ्यात बीडहून जामखेडला जावे आणि पावसाळ्यात जामखेडहून बीडला यावे, हे शहाणपण एवढ्यावरून निघते.

टायरचा मुख्य वैरी रस्त्यावरचा खड्डा नसून कडेचा वेड्या बाभळीचा काटा आहे. मोठे वाहन आले, की सायकल डांबरावरून खाली उतरते आणि काटा नेमका तेथेच पडलेला असतो. पंक्चरचे दुकान प्रत्येक मोठ्या गावात आहे. अडचण वेगळीच उद्भवते. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक तोंडाचा 'प्रेस्टा' व्हॉल्व्ह असतो आणि दुकानातला पंप मोटारसायकलीच्या जाड व्हॉल्व्हसाठी. काही रुपयांची पितळी जोडणी खिशात नसेल, तर लाखाची सायकल ढकलत न्यावी लागते.

सहलीला सर्वोत्तम असे जे महिने, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, तेच ऊसतोडणीचेही महिने आहेत. राज्यातील ऊसतोड मजुरांचा सर्वांत मोठा पुरवठा बीड जिल्हा करतो. दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, वडवणी, धारूर या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत परतीचा विषय नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, तान्ही मुले आणि म्हातारी माणसे बसवून ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. सायकलस्वाराला घाटात जे वाहन सर्वांत जास्त वेळ सोबत करते, ते बहुधा हेच असते, कारण चढावर त्याचाही वेग फारसा निराळा नसतो. ट्रॉलीतली मुले हात हलवतात, सायकलवरचा माणूसही हलवतो. एकाच रस्त्याने एकाच दिशेने चाललेल्या या दोन प्रवासांत साम्य मात्र तेवढेच. एकाची वाट हौसेची, दुसऱ्याची कोरडवाहू शेतीने लादलेली. पठारावरचे पाणी थांबत नाही म्हणून माणसेही थांबू शकत नाहीत, हे समीकरण फार ढोबळ असले तरी खोटे नाही.

या वाहतुकीचा धोकाही लक्षात घ्यायला हवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी असतेच असे नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते. तिला आतून ओलांडण्याचा मोह आवरावा. संध्याकाळी सहानंतर या रस्त्यावर सायकल चालवायचीच झाली, तर मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि अंगावर चमकणारे जाकीट यांशिवाय चालवू नये. नोव्हेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो. पाटोदा दुपारी दोनच्या आत सुटले पाहिजे, हे त्यावरून मागे मोजत आलेले वेळापत्रक आहे.

सौताड्याला पठार अचानक तुटते. रामेश्वरचे मंदिर खोल घळीत आहे आणि विंचरणेचा धबधबा वरच्या कातळावरून त्या घळीत पडतो. पावसाळ्यात येथे गर्दी लोटते, डिसेंबरात बहुधा धार बारीक झालेली असते. सायकलस्वाराने पायऱ्या उतरून खाली जाण्याआधी पुन्हा चढून यायचे आहे, हे विसरू नये. दिवसभराच्या पायडलनंतर पायऱ्यांना लागणारे स्नायू निराळे असतात आणि ते कुरकुरतात.

मग उतार. दिवसभर ज्याची वाट पाहिली तो हाच, आणि सर्वांत अधिक सावध राहण्याची वेळही हीच. वर चढवलेले ९५ किलो आता खाली येणार, तेव्हा चढताना साठवलेली सगळी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. दोनशे मीटरचा उतार सतत ब्रेक दाबून उतरले, तर त्या ऊर्जेपासून होणारी उष्णता अर्धा लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी असते. रिमवर घासणारे रबरी ब्रेक असतील तर हे सारे रिमच्या पातळ पत्र्यात शिरते. रिम तापते, ट्यूबमधली हवा प्रसरण पावते आणि ट्यूब फुटू शकते. उपाय सोपा आहे. ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवायचा आणि वळण संपताच सोडून द्यायचे, म्हणजे मधल्या वेळात वारा रिम थंड करतो. फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला तर सायकलस्वार हँडलवरून पुढे जातो, फक्त मागचा दाबला तर चाक घसरते. वळणावर वाळू सांडलेली असेल तर ब्रेकच नको, आधीच वेग कमी हवा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटावर ठेवावी; सायकल नजरेच्या मागे जाते.

सौताड्याच्या या बाजूला दुपारचे ऊन थेट पडते, त्यामुळे चार वाजताही दगड तापलेला असतो आणि उतरताना अंगावर गरम वाऱ्याचे झोत येतात. जो घाट चढायला पाऊण तास लागला, तेवढाच दहा मिनिटांत पायांखालून निघून जातो. खाली आल्यावर रिमला बोट लावून पाहण्याची जुन्या सायकलस्वारांची सवय आहे. चटका बसला तर थोडा वेळ थांबतात, नाहीतर तसेच पुढे.

जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात. गावात शिरेपर्यंत दिवे लागायची वेळ झालेली असते. लॉजवाल्याला सायकल खोलीत नेऊ द्यायला राजी करणे, गरम पाण्याची बादली मागणे, बाटल्या धुऊन उद्यासाठी भरून ठेवणे, टायरवर ओला हात फिरवून रुतलेले काटे शोधणे, एवढी कामे जेवणाआधी उरकावी लागतात. बाहेर रस्त्यावरून घाट उतरून आलेले ट्रॅक्टर जात असतात, ट्रॉलीतली मुले आता गोधडीखाली झोपलेली. जामखेडच्या पुढे त्यांची वाट रात्रभराची असते.